ऑर्केस्ट्राची म्युझिक लायब्ररी आणि स्कोअर एडिटिंग : मला नेहमी येणारे प्रश्न

मी काही वर्षं मुंबईत एका ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीत काम केलं आणि आता नाशिकला घरूनच पार्ट तयार करणं, स्कोअर एडिट करणं हे करते. व्हायोलिन शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील, बी.लिब. झालेले, कीबोर्ड वाजवणारे, सगळ्यांचे साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलं. एखादी गोष्ट दोन प्रश्नांत येत असेल तर एकाच ठिकाणी सांगितली आहे आणि दुसरीकडे नंबर दिलाय.

१. ताई, ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर असतो तोच ना? त्याला लायब्ररी कशाला लागते?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी, निवेदक आणि ऑक्टोपॅडच डोळ्यासमोर येतं, तो पण ऑर्केस्ट्राच, पण मी बोलतेय ते सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल, म्हणजे साठ-ऐंशी-शंभर माणसं एकत्र बसून समोरच्या कागदावरून वाजवतात तो. तिथे पाठ करून कोणी येत नाही, प्रत्येकाच्या स्टँडवर त्याच्या वाद्याचा कागद लागतो. कंडक्टरपुढे सगळी वाद्यं एकाखाली एक लिहिलेलं जाड पुस्तक असतं तो स्कोअर, आणि वाजवणाऱ्यापुढे फक्त त्याची ओळ असते तो पार्ट. हे सगळे कागद मिळवायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे, योग्य स्टँडवर ठेवायचे आणि कॉन्सर्ट झाल्यावर मोजून परत घ्यायचे, हे लायब्रेरियनचं काम.

२. मग दिवसभर नक्की काय करता?

सीझन ठरला की आधी प्रत्येक कृतीला कुठली वाद्यं लागतात ते काढायचं. त्यासाठी आकड्यांची एक पद्धत आहे. उदाहरणार्थ द्वोर्झाकची न्यू वर्ल्ड सिम्फनी म्हणजे २ २ २ २ – ४ २ ३ १, म्हणजे दोन बासरी, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून, मग चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्युबा, शिवाय टिम्पनी, थोडं पर्कशन आणि स्ट्रिंग्ज. या ट्युबाला फक्त दुसऱ्या मूव्हमेंटमधे (कृतीच्या दुसऱ्या भागात) काम आहे, तेही मोजक्याच सुरांचं, पण त्याचा कागद फोल्डरमधे नसेल तर तो माणूस रिकामा बसणार आणि ते सूर वाजणारच नाहीत. म्हणून लायब्ररीत छोटा पार्ट, मोठा पार्ट असं काही नसतं.

मग कागद विकत घ्यायचे की भाड्याने मागवायचे ते बघायचं (भाड्याचं १४ मधे). आले की पानं मोजायची, बारचे (उभ्या रेघांनी पाडलेल्या छोट्या भागांचे) नंबर जुळवायचे, बोइंग चढवायचं (प्रश्न ७), फोल्डर लावायचे. रिहर्सलच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हॉलमधे पोचायचं आणि शेवटचा फोल्डर हातात आला की मग निघायचं.

३. लायब्रेरियन आणि स्कोअर एडिटर एकच का?

कामं वेगळी, पण हात बरेचदा एकच. एडिटर म्हणजे संगीतकाराचं हस्तलिखित, पहिली छापील प्रत, जुन्या कॉपिस्टच्या प्रती असं जे काही उपलब्ध असेल ते शेजारी शेजारी ठेवून नेमका सूर कुठला, स्लर (सूर जोडून वाजवायची कमान) कुठून कुठपर्यंत, पियानो (हळू) की फोर्टे (जोरात) हे ठरवणारा माणूस. आणि ठरवलं ते का ठरवलं हे लिहून ठेवणारा. मोठ्या प्रकाशन संस्थांत हे स्वतंत्र पद असतं. आपल्याकडे मात्र लायब्रेरियनलाच छोट्या प्रमाणावर हे करावं लागतं, कारण रिहर्सलमधे कोणीतरी हात वर करून विचारतं की इथे बी फ्लॅट आहे की बी नॅचरल, आणि उत्तर तिथल्या तिथे द्यायचं असतं.

४. शिक्षण काय लागतं? माझं बी.लिब. झालंय / माझं विशारद झालंय, चालेल का?

दोन्हीचा उपयोग होतो, एकट्यावर भागत नाही. बी.लिब.वाल्याला कॅटलॉग करणं, नोंदी ठेवणं येतं, पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता आलं नाही तर तिसऱ्या हॉर्नच्या जागी पहिल्याचा कागद गेलाय हे कळणार नाही. विशारद झालेल्याचा कान तयार असतो पण लिपी नवीन असते. बाहेरचे बहुतेक ऑर्केस्ट्रा लायब्रेरियन आधी स्वतः वाजवणारे असतात. माझ्या मते किमान एवढं हवं: ट्रेबल, बास, आल्टो, टेनर या चारही क्लेफ (रेघेवर कुठला सूर ते सांगणाऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणा) न अडखळता वाचणं, ट्रान्सपोझिंग वाद्यं, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा वेगळा सूर वाजणारी, कळणं (एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा पंचमाच्या अंतराने खाली वाजतो, बी फ्लॅट क्लॅरिनेट एक टोन खाली), इटालियन-जर्मन-फ्रेंच वाद्यांची नावं पाठ असणं (प्रश्न १२), आणि नोटेशनच्या एका सॉफ्टवेअरवर पक्का हात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा संस्थांच्या थिअरी परीक्षांनी चांगली बैठक होते. आणि एखादं वाद्य ग्रुपमधे वाजवलेलं असावं, अगदी हौशी असलं तरी. वाजवता वाजवता पान उलटायला हात मोकळा नसणं काय असतं हे एकदा तरी अनुभवलेलं पाहिजे.

५. भारतात नोकऱ्या आहेत का? पैसे किती मिळतात?

खरं सांगते, पूर्ण वेळच्या जागा अगदी मोजक्या आहेत. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. चेन्नईला केएम म्युझिक कॉन्झर्वेटरी, कोलकात्याला १९१५ पासूनचं कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक, अशा शिकवणाऱ्या संस्थांमधे हे काम असतं पण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या जबाबदारीला जोडून. बाकी सगळं फ्रीलान्स: कॉयरसाठी पार्ट काढणं, शाळेच्या एन्सेम्बलसाठी सोपं करून लिहिणं, रेकॉर्डिंगसाठी रात्रीतून पार्ट देणं, परदेशातल्या संगीतकारांसाठी एनग्रेव्हिंग (छपाईसाठी नोटेशन नीट मांडून देणं).

पैशाचा आकडा मी देत नाही कारण कामागणिक तो फार बदलतो, पण हिशोब कसा करायचा ते सांगते. रेट पानावर, बारवर किंवा तासावर लागतो. नवीन माणूस नेहमी फक्त टायपिंगचे पैसे लावतो आणि प्रूफ वाचायचे विसरतो. मला टायपिंगला जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढाच तपासायला लागतो, तो धरूनच रेट सांगा. आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या देणार ते आधी लिहून घ्या, तोंडी नको.

हे काम आपल्याकडे नवीन नाही हेही लक्षात असू द्या. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मधे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींनी स्टाफ नोटेशनवरच एवढाले वाद्यवृंद वाजवून घेतले. त्या रेकॉर्डिंगला बसलेल्या प्रत्येक व्हायोलिनवाल्यापुढे कोणीतरी हाताने लिहून काढलेला कागद होता.

६. नाशिकमधे राहून हे जमतं का?

जमतं, मी करतेच आहे. तयारीचं ऐंशी टक्के काम टेबलावरचं आहे. सीझनच्या दिवसांत मात्र प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, तेव्हा सकाळची पंचवटी पकडायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत, किंवा मग आठवडाभर मुंबईतच मुक्काम. घाटात नेट जातं म्हणून गाडीत कागदावरचं प्रूफ वाचते, माझं सगळ्यात चांगलं प्रूफरीडिंग कसारा घाटातच झालंय. छपाई इथेच छान होते, त्याचं ९ मधे आहे.

७. बोइंग चढवणं म्हणजे काय? त्याला इतका वेळ का लागतो?

व्हायोलिनचा गज कुठे खाली ओढायचा आणि कुठे वर ढकलायचा याच्या खुणा. खाली उघडी असलेली छोटी चौकट म्हणजे डाउन बो, व्ही सारखी खूण म्हणजे अप बो. पूर्ण सेक्शनचे गज एकाच दिशेला जायला हवेत, म्हणून कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) आपल्या पार्टवर खुणा करतो, बाकी स्ट्रिंग्जचे प्रमुख त्याच्याशी जुळवून घेतात, आणि मग त्या खुणा मागच्या प्रत्येक स्टँडच्या पार्टवर हाताने उतरवायच्या.

आता गणित बघा. १६ पहिली व्हायोलिन, १४ दुसरी, १२ व्हायोला, १० चेलो, ८ डबल बास. एका स्टँडवर दोघं, म्हणजे ३० पार्ट. त्यातले ५ प्रमुखांचे, राहिले २५. एका मोठ्या सिम्फनीच्या पार्टला मला चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे हजार मिनिटं, जवळजवळ सतरा तास, आणि ही एका कार्यक्रमातली एकच कृती झाली. टू-बी पेन्सिल वापरायची, नीट दिसते आणि नीट खोडता येते. पेनाने पार्टवर कधीच लिहायचं नाही.

८. कुठलं सॉफ्टवेअर शिकू? फिनाले बंद झालं म्हणतात.

हो, १९८८ पासून चालत आलेलं फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर पुढे डेव्हलप करणार नाही असं कंपनीने ऑगस्ट २०२४ मधे जाहीर केलं, त्यामुळे नव्याने शिकायला ते घेऊ नका. सुरुवात म्यूझस्कोअरवर करा, फुकट आहे आणि आता खरंच चांगलं झालंय. व्यवसायात उतरायचं तर सिबेलियस किंवा डोरिको. जुन्या फिनाले फाइली असतील तर ते अजून उघडतंय तोवरच सगळ्या म्यूझिक एक्सएमएल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधेही उघडणारी फाइल) आणि पीडीएफ दोन्हीत काढून ठेवा, उद्यावर टाकू नका. एक्सएमएलमधे सूर बहुतेक नीट येतात पण पानाची मांडणी बिघडते, म्हणून शेजारी पीडीएफ लागतेच.

९. पार्ट घरच्या प्रिंटरवर ए-फोरवर काढले तर काय बिघडतं?

वाचता येत नाही, हे बिघडतं. स्टँड डोळ्यापासून हातभर लांब असतो आणि एका स्टँडवर दोघं वाचतात. पाच रेघांच्या पट्टीची उंची ७ मिलिमीटरच्या खाली गेली की डोळे ताणावे लागतात, मी साडेसात ठेवते. पान निदान ९ बाय १२ इंच हवं. आणि हे आपल्याकडे सहज होतं: लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड करणाऱ्या डिजिटल प्रेसवाल्यांकडे १२ बाय १८ इंचाचा शीट असतोच, तो मधोमध दुमडला की बरोब्बर ९ बाय १२. चार पानांच्या पटीत बुकलेट लावायचं, मधे दोन पिना. कागद १०० जीएसएमच्या आसपासचा मॅपलिथो, किंचित पिवळसर मिळाला तर उत्तम. आर्ट पेपर अजिबात नको, स्टेजच्या लाइटमधे चमकतो आणि पेन्सिल उठत नाही.

प्रेसवाल्या दादांना पहिल्या वेळेस समोर बसून समजवावं लागलं की "फिट टू पेज" करू नका, नाहीतर पट्टी बारीक होते. आता ते स्वतःच पट्टीवर मोजपट्टी ठेवून मला दाखवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पान उलटायची जागा. पानाच्या शेवटी वाजवणाऱ्याला विश्रांती असलीच पाहिजे, नसेल तर पान अर्ध्यावर रिकामं सोडा पण विश्रांतीपाशीच तोडा. एका स्टँडवरचा आतल्या बाजूचा माणूस पान उलटतो तेव्हा तो वाजवत नसतो, सगळ्या स्टँडांनी एकाच क्षणी पान उलटलं तर सेक्शनचा अर्धा आवाज गायब. स्क्रीनवर ते रिकामं अर्धं पान वाईट दिसतं, दिसू द्या. पार्ट स्क्रीनवर बघायला नसतो.

१०. आयएमएसएलपीवर सगळं फुकट मिळतं, मग पैसे कशाला द्यायचे?

आयएमएसएलपी ही जुन्या स्कोअर आणि पार्टचे स्कॅन ठेवणारी साइट २००६ मधे सुरू झाली, एका युरोपियन प्रकाशकाच्या नोटिशीमुळे ऑक्टोबर २००७ मधे बंद पडली आणि २००८ मधे परत आली. मी रोज वापरते, मोठा ठेवा आहे. पण ती कॅनडाच्या कायद्यावर चालते आणि तिथे २०२२ पर्यंत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांचाच कॉपीराइट होता. भारतात ६० वर्षं आहे (१९९२ पर्यंत आपल्याकडेही ५० च होती, रवींद्रनाथांचं साहित्य मोकळं, म्हणजे कॉपीराइटबाहेर, होण्याच्या वेळी ती वाढवली), युरोपात ७०.

म्हणजे संगीतकार कोडाय १९६७ मधे गेला, कॅनडात २०१८ पासून मोकळा, आपल्याकडे २०२७ संपेपर्यंत नाही. सिबेलियस (सॉफ्टवेअर नव्हे, संगीतकार) १९५७ मधे गेला, भारतात २०१८ पासून मोकळा पण तोच कार्यक्रम घेऊन युरोपात गेलात तर २०२७ संपेपर्यंत थांबावं लागेल. शोस्टाकोविच १९७५, म्हणजे इथे २०३५ च्या शेवटापर्यंत. वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची.

शिवाय संगीतकार जुना असला तरी अलीकडे कोणी एडिशन तयार केली असेल तर त्या एडिटरच्या कामाचे हक्क वेगळे. जुनी छापील प्रत मोकळी असेल, पण तिच्यात चुकाही जुन्याच असतात (प्रश्न १३).

११. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला सिनेमाचं गाणं आठ व्हायोलिनसाठी लिहून द्याल का? परवानगी लागते का?

वाजवणं आणि लिहून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच सगळ्यांची गल्लत होते. हौशी मंडळाने तिकीट न लावता वाजवलं तर आपल्या कायद्यात त्या वाजवण्याला सूट आहे. पण त्यासाठी नवीन अरेंजमेंट तयार करणं, तिचे पार्ट विकणं किंवा दुसऱ्या ग्रुपला वाटणं या गोष्टी त्या सुटीत येतात असं समजू नका, त्याला हक्क असलेल्याची परवानगी लागते आणि गाण्याचे हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतात. तिकिटाचा कार्यक्रम असेल तर वाजवण्याचं लायसन्सही लागतं, त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडे जायचं. मी लेखी परवानगी बघितल्याशिवाय पार्ट करत नाही. त्यामुळे दोन-तीन ओळखीचे लोक नाराज झालेत, पण ज्याने ती चाल बांधली तोही आपल्यासारखाच कागदावर पोट असलेला माणूस आहे.

१२. जुन्या पार्टवर "क्लॅरिनेट इन बी" लिहिलंय, मग बी फ्लॅटवाला कसं वाजवणार?

तो बी फ्लॅटचाच आहे. जर्मन पद्धतीत बी म्हणजे बी फ्लॅट आणि आपल्या ओळखीचा बी नॅचरल म्हणजे एच. असे खड्डे बरेच आहेत: इटालियनमधे ट्रॉम्बा म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नव्हे. कॉर्नो म्हणजे हॉर्न, कॉर्नेट नव्हे. जर्मन पोझाउने म्हणजे ट्रॉम्बोन, पाउकेन म्हणजे टिम्पनी, इटालियन पियात्ती म्हणजे झांजा. भिंतीवर तक्ता करून लावा.

नंबरांचंही तसंच. न्यू वर्ल्ड आज नववी सिम्फनी आहे पण १८९४ मधे ती पाचवी म्हणून छापली गेली, त्यामुळे जुन्या प्रतींवर ५ दिसतो. शूबर्टची मोठी सी मेजर कुठे ७, कुठे ८, कुठे ९. म्हणून मागवताना नंबरावर जाऊ नका, की (सी मेजर वगैरे), ओपस किंवा कॅटलॉग नंबर आणि प्रकाशक हे तिन्ही लिहा.

१३. छापलेलं चुकीचं वाटलं तर आपण सरळ दुरुस्त करायचं का?

"वाटलं" एवढ्यावर नाही. आधी स्कोअरशी ताडा, मग दुसऱ्या एडिशनशी, शक्य असेल तर हस्तलिखिताच्या स्कॅनशी. खात्री झाली तर पार्टवर पेन्सिलने दुरुस्ती करा आणि वहीत बार नंबर, वाद्य, काय होतं, काय केलं हे लिहा. खात्री नसेल तर कंडक्टरला आधीच प्रश्नांची यादी द्या.

चूक छापील आहे म्हणून ती किती टिकते बघा. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या मूव्हमेंटमधे दोन बार जास्तीचे छापले गेले, त्याने स्वतः १८१० मधे प्रकाशकाला पत्र लिहून कळवलं, तरी ते बार पुढे कित्येक वर्षं वाजत राहिले, बीथोव्हेन जाऊनही बराच काळ लोटला तोपर्यंत.

माझ्यावरची वेळ पण सांगते. नवीन एडिशनचा स्कोअर आणि जुन्या छपाईचे पार्ट असा संच एका ठिकाणाहून आला होता. पानं मोजली, बार नंबर पहिल्या मूव्हमेंटचे जुळवले, पण रिहर्सल लेटर (कुठून वाजवायचं ते सांगायला छापलेली ए, बी, सी अशी अक्षरं) ताडले नाहीत. कंडक्टर म्हणाले "लेटर जी पासून", हात खाली आला आणि ऑर्केस्ट्रा भलत्याच ठिकाणाहून सुरू झाला, कारण पार्टमधला जी स्कोअरमधल्या जी च्या चोवीस बार पुढे होता. रिहर्सल थांबली, सत्तर माणसं पेन्सिल घेऊन माझ्याकडे बघतायत आणि मी उभी राहून एकेक लेटरचा बार नंबर सांगतेय. वीस मिनिटं गेली, ती सत्तर जणांची वीस मिनिटं होती. तेव्हापासून कितीही घाई असली तरी लेटर आणि बार नंबर शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून ताडते.

१४. भाड्याचे पार्ट असतात म्हणजे काय? एखादा हरवला तर?

कॉपीराइटमधल्या बऱ्याच कृतींचे पार्ट प्रकाशक विकत नाहीत, ठराविक कार्यक्रमांपुरते भाड्याने देतात. बोइंगला वेळ मिळायला हवा म्हणून रिहर्सलच्या निदान महिनाभर आधी हातात पाहिजेत, कस्टम्सचे दिवस त्यात वेगळे धरा. आले की आधीपासून फाटलेलं, हरवलेलं काय आहे त्याची यादी त्याच दिवशी कळवा, नाहीतर ते तुमच्या नावावर. परत पाठवताना सगळं मोजून द्यायचं, हरवलेल्याचे पैसे भरावे लागतात. झेरॉक्स मारून ठेवणं करारात बसत नाही, "बॅकअप म्हणून" सुद्धा नाही.

१५. आमच्या गुरुजींच्या वहीतल्या बंदिशी स्टाफ नोटेशनमधे करून मिळतील का?

नाशिकमधून सगळ्यात जास्त येणारा आणि माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न. मिळतील, पण पहिलं काम म्हणजे वही कुठल्या पद्धतीची ते ओळखणं. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांचा नाशिकशी जवळचा संबंध, पंचवटीत त्यांचा आश्रम होता, त्यामुळे इथल्या जुन्या वह्यांमधे पलुस्कर पद्धत बरेचदा सापडते. नंतरच्या वह्या बहुतेक भातखंडे पद्धतीच्या. आणि इथे मोठा धोका आहे: भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र. तेच टिंब, दोन सप्तकांचा फरक. समही बघा, भातखंड्यांची फुलीसारखी खूण, पलुस्करांचा १. आणि पलुस्करांची अधिकाची (+) खूण तालातल्या 'खाली'ची असते, ती घाईत भातखंड्यांची सम समजली की अख्खा ताल उलटा बसतो.

मागे एका वहीत अर्धी पानं एका पद्धतीत आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीत होती, शिष्याने मधेच पद्धत बदलली होती. शाईचा रंग बदलला त्या पानापासून टिंबांचा अर्थ बदलला, हे कळायला मला दोन दिवस लागले, शेवटी घरातल्या आजींनी एक ओळ गाऊन दाखवली तेव्हा खात्री झाली. म्हणून अशा कामात गाणारं माणूस शेजारी हवंच. मींड, आंदोलन हे पाच रेघांत पूर्ण मावत नाही, मी मूळ ओळ देवनागरीत वरती तशीच ठेवते आणि खाली स्टाफ देते. मूळ वहीचा फोटो काढा, वही कधीही टाकू नका.

१६. आता टॅबलेट आले, ऑटोमॅटिक स्कॅनिंग आलं, मग हे काम राहणार का?

ब्रसेल्स फिलहार्मोनिकने २०१२ मधेच कागद सोडून टॅबलेट घेतले. तरी त्या टॅबलेटमधली पीडीएफ कोणीतरी नीट करावीच लागते, पान उलटायच्या जागा, बोइंग, दुरुस्त्या सगळं तेच. स्कॅन करून सूर ओळखणारी सॉफ्टवेअर मी वापरते, स्वच्छ छपाईवर बराच वेळ वाचतो, पण जुन्या डागाळलेल्या पानावर ठिपका आणि डाग यातला फरक त्यांना कळत नाही, ट्रिप्लेट आणि टाय यातही घोळ होतो. तपासणं सुटत नाही.

१७. पावसाळ्यात कागद खराब होतात, काय करायचं?

कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, खालचा कप्पा रिकामा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि ओल्या झाल्या की बदलायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. रबरबँड नको, चिकटतो. सेलोटेप तर नकोच, काही वर्षांनी पिवळा पडून खालचे सूर घेऊन जातो. ऑक्टोबरच्या उन्हात कपाट उघडं ठेवून हवा द्या, कागद थेट उन्हात नको.

१८. ताई, मला सुरुवात करायचीय, उद्यापासून काय करू?

मोकळी असलेली एखादी छोटी कृती घ्या, हायडनच्या क्वार्टेटची (चार वाद्यांच्या कृतीची) एक मूव्हमेंट पुरे. जुन्या स्कोअरवरून म्यूझस्कोअरमधे टाइप करा, चार पार्ट काढा, ९ प्रमाणे छापा आणि क्लासमधल्या चार मुलांपुढे ठेवा. तुम्ही वाजवू नका, फक्त बाजूला बसून बघा. कोण कुठे अडखळतं, कोण मान पुढे काढून वाचतं, कोणाचं पान उलटताना सुटतं, ते लिहून घ्या आणि घरी येऊन पार्ट परत करा. असं तीनदा करा.

कॅटलॉगिंगची सवय नसेल तर एखाद्या वाचनालयात काही महिने हातभार लावायला मिळतो का विचारा. सावाना, म्हणजे आमचं सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून चालू आहे, पुस्तकाची नोंद इतकी वर्षं कशी टिकवतात हे अशा ठिकाणी बघायला मिळतं. आणि पहिले पार्ट झाले की छापलेले घेऊन या, पीडीएफ पाठवू नका, मला ते स्टँडवर ठेवून दोन पावलं मागून बघायचे असतात.